तांब्याला न विचारलेला प्रश्न

डिझाइनच्या वर्गात सेमिस्टर संपताना एक कागद द्यावा लागतो. त्याला 'रिफ्लेक्शन' म्हणतात. या असाइनमेंटमधून तुम्ही काय शिकलात, तुमच्यात काय बदललं, ते पाचशे शब्दांत लिहायचं. दहा मार्क. पहिल्या वर्षी मी दिलेल्या कागदात 'एम्पथी' हा शब्द चार वेळा होता आणि 'प्रवास' तीन वेळा. मला दहापैकी नऊ मिळाले.

तो कागद अगदी खोटा नव्हता. पण त्यातलं एकही वाक्य मला महागात पडलं नव्हतं. आता तिसऱ्या वर्षाला आल्यावर तो पुन्हा वाचला आणि वाटलं, हा पुन्हा लिहायला हवा. मार्कांशिवाय. त्यासाठी आधी एका जुन्या अहवालाबद्दल बोलावं लागेल, कारण असाइनमेंट त्याच्यातूनच आली होती.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं. त्यांच्या खुर्च्या आजही इंटरनेटवर सगळीकडे दिसतात. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं ते इथे आले, देशात फिरले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी सरकारला 'द इंडिया रिपोर्ट' नावाचा एक छोटा अहवाल दिला. नव्या कारखानदारीच्या लाटेत रोजच्या वापरातल्या वस्तूंचा दर्जा घसरतोय, त्याचं काय करायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, सुरू झाली. तिच्या जन्माची गोष्ट या अहवालाशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे देशात कुठेही डिझाइन शिका, पहिल्या वर्षी कधी ना कधी त्याची पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतेच.

आणि त्यातलंही एक पान सगळ्यांना माहीत असतं. लोट्याचं पान.

ईम्स म्हणतात की भारतात आम्ही ज्या ज्या वस्तू पाहिल्या, त्यांत हे साधं रोजचं भांडं कदाचित सगळ्यांत सुंदर आहे. मग ते विचारतात, समजा आज कुणाला लोटा नव्यानं डिझाइन करायचा असेल तर तो कुठून सुरुवात करेल? आणि प्रश्नांची एक लांबलचक यादी येते. पाणी किती मावायला हवं. ते डोक्यावरून नेणार, कमरेवर, हातात, टोपलीत की गाडीत. भांडं रिकामं असताना तोल कसा राहील, भरल्यावर कसा. ओतताना धार कशी पडेल. हात आत घालून घासता येईल का. डोळे मिटून हातात घेतलं तर कसं वाटेल. दुसऱ्या भांड्यावर आपटलं, दगडावर ठेवलं, तर आवाज कसा येईल. धातूची किंमत काय, मोडीत काय येईल. धातूमुळे आतल्या वस्तूवर काय परिणाम होईल. उन्हात कसं चमकेल. ते जवळ बाळगताना, विकताना, कुणाला देताना मनाला काय वाटेल.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झाले होते. जी वस्तू बघून बघून दिसेनाशी झाली होती, तिला कुणीतरी इतकं बारकाईनं विचारत होतं. यादीच्या शेवटी ते सांगतात की असं भांडं एकटा माणूस डिझाइन करूच शकत नाही, त्यामागे कितीतरी पिढ्या असतात. स्टार डिझायनरच्या नावावर चालणाऱ्या धंद्यातली माणसं हे कबूल करतात, हे मला आजही मोठं वाटतं.

आमची असाइनमेंट सोपी होती. घरातली एक वस्तू घ्या, तिला ईम्सच्या यादीतले प्रश्न विचारा, बारा शीट्स करा.

मी अर्थातच तांब्या घेतला. आमचं घर सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. आजीचा पितळेचा तांब्या मी हॉस्टेलवर घेऊन आले. पहिली शीट मी शब्दावर केली. मराठीत 'तांब्या' हे नाव धातूवरून पडलं, पण भांडं पितळेचं, स्टीलचं, अगदी प्लॅस्टिकचं झालं तरी नाव तेच राहिलं. शिवाय तो एकटा नसतो. 'तांब्या-भांडं' अशी जोडी असते, पाहुणा आला की तीच पुढे येते. कडेखाली बोटं अडकतील असा गळा आहे, म्हणून कानाची गरज नाही. त्याच गळ्याला दोरीचा फास टाकला की तो विहिरीत सोडता येतो. मी पाणी मोजलं, वजन केलं, फरशीवरचा आवाज रेकॉर्ड केला. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन आले. पत्र्यावर हातोडीचे ठोके एकाशेजारी एक असे बसतात की तेच नक्षी होतात. त्याला मठारकाम म्हणतात. ते दिसायला देखणं असतंच, पण ठोक्यांनी तांबं कठीण होतं, म्हणजे ते मजबुतीचंही काम आहे. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणून आतून कथलाची कल्हई. हे सगळं शीट्सवर आलं. पांढऱ्या कागदावर मधोमध तांब्या, बाजूला बारीक अक्षरात टिपा.

क्रिटच्या दिवशी शीट्स भिंतीवर लावल्या. क्रिट म्हणजे सगळ्यांसमोर कामाची चिरफाड. मॅडमनी रेषांचं कौतुक केलं. मग वर्गातल्या एका मुलानं विचारलं, "यातनं पाणी कोण प्यायचं?"

मी म्हटलं, "सगळेच."

"सगळे म्हणजे कोण?"

"म्हणजे घरातले. पाहुणे. येणारे-जाणारे."

"कामाला येणारे?"

मी "हो" म्हणाले. खात्री नसताना म्हणाले. त्यानं मान हलवली आणि तो पुढच्या शीटकडे वळला. त्यात टोमणा नव्हता. पण एक गोष्ट इथे लिहायला हवी. त्यानं प्रश्न विचारताच मी मनातल्या मनात त्याची जात कोणती असेल याचा हिशेब सुरू केला होता. त्याचं आडनाव, गाव, फी माफी आहे का. प्रश्न माझ्या तांब्याबद्दल होता आणि मी तपास त्याचा करत होते. नऊ मार्कांच्या माझ्या कागदात हे नव्हतं.

दिवाळीत घरी गेले. आमचा जुना गोठा आता निम्मा रिकामा आहे. त्याच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, तो मी लहानपणापासून पाहिलाय. त्यात एक कप पालथा असतो. कान तुटलेला, पांढरा, काठाला निळी रेघ. शेजारी एक जर्मनचा पेला. मी त्यांना कधी हात लावला नव्हता आणि का लावला नाही, असा प्रश्नही कधी पडला नव्हता.

आजीला विचारलं.

"त्यो कप? उगंच पडलाय तितं. आता कोण वापरतंय."

"पण होता कुणासाठी?"

"रानात कामाला यायची माणसं. त्यांच्या चहाला."

"घरातल्या कपात का नाही द्यायचीस?"

"तवा तसंच हुतं." मग जरा थांबून, वैतागून, "कॉलेजात ह्येच शिकिवत्यात व्हय गं?"

पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही पोरं कशाला जुनं उकरून काढताय? आता सगळे एकाच ग्लासात पितात." एकाच ग्लासात पितात का, ते मी त्या सुट्टीत पाहिलं. ऊसतोडीला आलेल्या माणसांसाठी प्लॅस्टिकचे यूज अँड थ्रो कप होते. ते सोयीसाठी आहेत की आणखी कशासाठी, हे मला ठरवता येत नाही. पण कोनाड्याची गरज संपली होती, एवढं खरं.

हॉस्टेलवर परतल्यावर मी ईम्सचं पान पुन्हा काढलं आणि यावेळी ते वेगळंच दिसलं.

यादीत एक प्रश्न असा आहे: हे भांडं हाताळणारा हात केवढा, त्यात ताकद किती, आणि तो बाईचा की पुरुषाचा? १९५८ मध्ये हातामागचं माणूस बाई आहे की पुरुष हे विचारणं साधं नाही. म्हणजे हात माणसाचा असतो आणि माणसं सारखी नसतात, हे त्यांना दिसलं होतं. पण भारतातल्या भांड्याबद्दल सगळ्यांत आधी विचारला जाणारा प्रश्न त्यांनी विचारला नाही. हाताची जात.

ते परदेशी होते, त्यांना कसं कळणार, असं वाटू शकतं. मला ही सबब पटत नाही. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ चा, म्हणजे अहवालाच्या तीनच वर्षं आधीचा. सार्वजनिक विहिरी, तलाव, पाणवठे सर्वांना खुले, हे १९५० पासून राज्यघटनेत लिहिलेलं होतं. त्याआधी मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला होता, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. त्यावरून सुरू झालेला कोर्टातला दावा निकाली निघायला १९३७ उजाडलं. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद खुला केला तो तर १८६८ मध्ये. 'पाण्याला कोण हात लावू शकतो' हा प्रश्न या देशात तेव्हा आणि त्याआधीही भर रस्त्यात विचारला जात होता. आणि दोष एकट्या पाहुण्यांचा कसा म्हणायचा? अहवाल मागवणारे, छापणारे, पुढे साठ वर्षं शिकवणारे सगळे इथलेच. ज्यांना हा प्रश्न रोज आडवा येत नव्हता असे.

आता तेच पान या प्रश्नासकट वाचून बघा. प्रत्येक ओळ हलते.

अहवालात एक सुंदर निरीक्षण आहे: गावातल्या बायका चिंच आणि राखेनं घासून रोज या पितळेचं सोनं करतात. मलाही ते आवडलं होतं. पण घासणं हे नुसतं चमकवणं नाही. धातूचं भांडं विटाळलं तरी घासून, विस्तवातून काढून शुद्ध करून घेता येतं. मातीचं भांडं फेकावं लागतं. सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबात धातूचा हा मोठा फायदा होता. म्हणजे 'धातू कोणता' हा प्रश्न किंमत आणि मोडीवर संपत नाही. त्यात कोणाचा स्पर्श धुऊन निघतो आणि कोणाचा नाही, हेही आहे.

धारेचा प्रश्न घ्या. ओतताना धार कशी पडते? तांब्याच्या अरुंद गळ्यातून ती छान, बारीक, उंचावरून पडते. ओंजळीत पाणी घालण्यासाठी अगदी सोयीची. भांडं ओठाला लावू द्यायचं नसेल तर अशीच धार लागते. तांब्याचा आकार जातीमुळे झाला असा माझा दावा नाही, तसं सिद्ध करता येणार नाही. पण त्या आकाराचा वापर काय काय झाला, हे न पाहता 'धारेचं सौंदर्य' एवढंच पाहणं म्हणजे अर्धंच पाहणं. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की शाळेत तहान लागली तरी त्यांना नळाला हात लावता येत नसे, शिपायानं नळ सोडला तरच पाणी मिळे. तो नळही कुणीतरी डिझाइन केलेलाच होता. हाताच्या मापाचा, नीट फिरणारा. त्याच्यात काहीच चूक नव्हती.

आणि शेवटचा प्रश्न: हे भांडं कुणाला देताना काय वाटेल? फार चांगला प्रश्न आहे. फक्त त्याच्या शेजारी आणखी एक हवा होता. कुणाला न देताना काय वाटेल?

हे त्यांना का सुचलं नाही, याचं उत्तर मला त्याच पानावर मिळालं. यादीच्या आधी ईम्स एक अट घालतात की डिझायनरनं डोक्यात आधीपासून बसलेल्या कल्पना बाजूला ठेवाव्यात. मॅडमनी वर्गात ते इंग्रजीत सांगितलं होतं. मी वहीत मराठीत उतरवलं, 'पूर्वग्रह बाजूला ठेवा.' तेव्हा वाटलं, बरोबर शब्द सुचला. खरं तर चुकीचा सुचला. त्यांना 'पूर्वकल्पना' म्हणायचं होतं, लोटा असाच असतो असं धरून चालू नका, एवढंच. पण माझ्या चुकीनं मला एक गोष्ट दाखवली. काही वस्तू पूर्वग्रहातूनच तयार होतात. तो बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, तर समोर उरतो फक्त कान तुटलेला एक कप.

मग मी तेरावी शीट केली. त्या कपाची. सगळे प्रश्न तेच ठेवले. पाणी किती मावतं: शंभर मिली. हातात कसा बसतो: कान नाही, त्यामुळे गरम चहा असेल तर काठाला धरावा लागतो. आवाज: चिनीमातीचा, बोदा. इथपर्यंत तांब्याच्या शीटसारखीच शीट. मग यादीत नसलेले प्रश्न लिहिले. हा कुठे ठेवतात? घराबाहेर. कोण धुतं? ज्यानं प्यायलं तो. तो पालथा का असतो? धुऊन ठेवला हे दुरून दिसावं म्हणून. चहा ओतणारी व्यक्ती कपाला शिवते का? नाही. उत्तरं मिळत गेली आणि माझ्या लक्षात आलं की हा कप अतिशय नीट डिझाइन केलेला आहे. कपच नव्हे. कोनाड्याची उंची, गोठ्याची जागा, चहा ओतण्याचं अंतर, हे सगळं मिळून एक पूर्ण व्यवस्था. तीही कुण्या एकट्यानं केलेली नाही. त्यामागेही कितीतरी पिढ्या आहेत. ईम्सचं लोट्याबद्दलचं कौतुक शब्दन् शब्द या कपाला लागू पडत होतं, आणि तिथेच मला पहिल्यांदा कळलं की चांगलं डिझाइन आणि चांगली गोष्ट एक नव्हेत.

ती शीट मी क्रिटला लावली. वर्ग शांत होता. मॅडम म्हणाल्या, "धाडसी आहे." मी वाट पाहत होते की तो मुलगा काहीतरी म्हणेल. तो काही म्हणाला नाही. नंतर कँटीनमध्ये मी त्याला विचारलं, शीट कशी वाटली. तो म्हणाला, "ठीक आहे. पण हे तू मला का विचारतेयस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला पावती हवी होती, हे नंतर कळलं.

म्हणून 'एम्पथी' या शब्दाबद्दल तक्रार आहे. आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर डिझाइन थिंकिंगचं पोस्टर आहे, पाच रंगीत गोल, त्यातला पहिला एम्पथी. कल्पना अशी की डिझायनर बाहेर उभा असतो, दुसऱ्याचं दुःख समजून घेतो आणि मग उपाय शोधतो. त्या कपाच्या बाबतीत मी बाहेर नव्हतेच. मी त्या चुलीवरचा चहा प्यायलेय, घरातल्या कपातून. मला दुसऱ्याला समजून घेण्याआधी स्वतःच्या घराला समजून घेण्याची गरज होती आणि त्यासाठी पोस्टरवर गोल नाही. पहिल्या कागदात मी लिहिलं होतं की 'या असाइनमेंटनं मला वंचितांबद्दल एम्पथी शिकवली.' खरं वाक्य असं हवं होतं: ज्या कोनाड्याशेजारी मी वाढले, तो मला एकोणीस वर्षं दिसला नाही आणि दिसला तो दुसऱ्यानं विचारल्यावर.

मग ईम्सचा अहवाल वाचू नये का? वाचावा. मी ज्युनिअर्सना आवर्जून पाठवते. प्रश्न विचारत विचारत वस्तूपर्यंत कसं जायचं, हे मी त्यातूनच शिकले, आणि त्यात काय राहिलंय हेही त्याच पद्धतीनं सापडलं. पण तो देवघरात ठेवू नये. त्याची सुरुवात गीतेतल्या एका वचनानं होते, कामावर तुझा अधिकार, फळावर नाही, या अर्थाच्या. तांबट आळीत एका कारागिराला मी त्याच्या तांब्याचा भाव विचारला होता. त्यानं सांगितला आणि वर म्हणाला की दुकानात हाच याच्या कितीतरी पट किमतीला जातो. फळावर अधिकार नसणं कुणाच्या वाट्याला येतं, हाही यादीत न आलेला प्रश्नच. हल्ली मी अहवाल पाठवताना खाली एक ओळ टाइप करते: ही यादी अपुरी आहे, आपापली भर घाला.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेले तर कोनाड्यात कप नव्हता. पेलाही नव्हता. तिथे कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीट होतं. आजी म्हणाली, "मला ठावं न्हाई." पप्पा म्हणाले, "फुटला असेल." आई काहीच बोलली नाही. मी उकिरड्यापर्यंत जाऊन आले, तुकडे काही दिसले नाहीत.

तेरावी शीट माझ्या खोलीत रोल करून ठेवलेली आहे. कोनाड्याची जमिनीपासूनची उंची तिच्यावर सेंटिमीटरमध्ये लिहिली आहे.